जागा पुष्कळ, विकायला नाही

तलासरी नाक्यावर चहा घेत बसलं की एक संभाषण हमखास कानावर येतं. मुंबई पासिंगची पांढरी गाडी थांबते, काच खाली होते, रस्त्यापलीकडची हिरवी टेकडी आणि तिच्या पायथ्याची भातखाचरं डोळ्यांनी मोजून होतात आणि मग प्रश्न येतो, "इथे गुंठा काय भावाने चाललाय?" मी पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा टपरीवाल्याने पेला विसळता विसळता, मान वर न करता उत्तर दिलं होतं, "जागा पुष्कळ आहे साहेब. विकायला नाही."

त्या उत्तरावरून मला इंडोनेशिया आठवतो. तिथे गावागावांनी स्वतःची माहितीपत्रकं काढायची रीत आहे. गावात भातशेती किती, नारळ किती, धबधबा कुठे, रस्ता कसा, लोक किती अगत्यशील, हे सगळं त्यात पाहुण्यांसाठी आणि पैसा गुंतवू पाहणाऱ्यांसाठी मांडलेलं असतं. त्यातल्या बऱ्याच पत्रकांत एक गोष्ट बारीक अक्षरांत उरते. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानुसार जमिनीची पूर्ण मालकी त्या देशाच्या नागरिकालाच मिळते, आणि काही गावांत तर ती गावाच्या रूढीनुसार सगळ्यांची सामाईक असते. हा लेख तलासरीचं तसंच माहितीपत्रक आहे असं समजा. फरक एवढाच की बारीक अक्षरातला मजकूर मी आधी सांगणार आहे, कारण तो कळल्याशिवाय इथला डोंगर, इथलं चित्र, इथलं राजकारण आणि टपरीवाल्याचं ते उत्तर, काहीच नीट कळत नाही.

तलासरी हा पालघर जिल्ह्याचा उत्तरेकडचा शेवटचा तालुका. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत. अहमदाबाद हायवेने मनोर, चारोटी, विवळवेढ्याची महालक्ष्मी, धुंदलवाडी, दापचरी अशी नाकी मागे टाकत यायचं. तलासरीच्या पुढे अच्छाडला महाराष्ट्र संपतो आणि खिशातला मोबाइल गुजरातेत आल्याचा निरोप देतो. कधीकधी अलीकडेच देतो. उत्तरेला आणि पश्चिमेला गुजरात, पूर्वेला उधव्याकडून गेलं तर दादरा नगर हवेली, दक्षिणेला डहाणू. समुद्र या तालुक्याला जेमतेम शिवतो, तोही झाई या एका मच्छीमार गावापाशी. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या दीड लाखाच्या थोडी पुढे होती आणि दर दहा माणसांतली नऊ आदिवासी होती. त्यांत वारली सर्वांत जास्त.

तालुक्याचा आकार नकाशात विचित्र दिसतो, कारण तो एका कापाकापीतून उरलेला तुकडा आहे. १ मे १९६० पर्यंत हा सगळा भाग ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होता. राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गाव, त्याचं रेल्वे स्टेशन, बंदर आणि किनाऱ्याची बरीचशी गावं गुजरातला गेली. डोंगराकडची आदिवासी गावं महाराष्ट्रात राहिली आणि त्यांचा तलासरी महाल झाला, पुढे तालुका. त्यामुळे आजही तलासरी शहराला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. उंबरगाव, संजाण, भिलाड ही जवळची स्टेशनं गुजरातेत आहेत. कामाला जायचं वापीला, बाजारहाटाला उंबरगावला, दाखल्याला तलासरीला, कोर्टकचेरी मोठी असेल तर पालघरला, अशी इथल्या माणसाच्या पायांची दिशा आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधी तर ठाण्याला जावं लागे, म्हणजे एका कागदासाठी अख्खा दिवस आणि मजुरी बुडीत. हद्दीचा घोळ अजून संपलेला नाही. वेवजी इकडचं, सोळसुंबा तिकडचं, आणि मधल्या रस्त्यावरचे विजेचे खांब कोणाच्या ग्रामपंचायतीचे यावरून वाद झालेले आहेत. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे हद्दीच्या अलीकडे कोणता धंदा बरा चालतो हे मी सांगायला नको.

आता जमिनीचं.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मोजणी केली, धारा रोख रकमेत ठरवला आणि ज्याच्याजवळ रोकड नव्हती त्या वारल्याला सावकाराच्या ओट्यावर जावं लागलं. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटी घ्यायची, म्हणजे खाण्यापुरतं भात उसनं. पीक आलं की दीडपट, दुप्पट फेडायचं. दोन-तीन पावसाळ्यांत जमीन सावकाराची आणि वारली त्याचंच कूळ. ज्याच्याजवळ गहाण टाकायला जमीनही उरली नव्हती त्याने स्वतःला गहाण टाकलं. लग्नासाठी शे-दोनशे रुपये कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही त्या जमीनदाराकडे राबायला बांधलेले, कर्ज फिटेपर्यंत. ते फिटायचं नाही. अशा जोडप्याला लग्नगडी म्हणत. हे काही चळवळीच्या पत्रकातलं वर्णन नव्हे. मुंबई सरकारने नेमलेल्या डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याच्या १९३९ सालच्या अहवालात या गुलामीची नोंद आहे, आणि साहेबाने ती फारशी सौम्य भाषेत केलेली नाही.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. तिथे उंबरगाव-डहाणूकडचे थोडे वारली आले होते. कोणाशी बोलायची सवय नसलेली ती माणसं तिथे उभी राहून बोलली. त्याच वर्षी २३ मे रोजी झरी या गावात वारल्यांची मोठी सभा झाली. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. या सभेत ठरलं की यापुढे कोणाच्या शेतावर वेठ करायची नाही. ठराव साधा होता, पण पावसाळा तोंडावर होता आणि जमीनदारांची लावणी वेठीवरच व्हायची. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे नवरा-बायको या लढ्याच्या मध्यभागी होते. गोदावरीबाई पुण्यात वाढलेल्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य. वारल्यांनी त्यांना गोदूताई केलं. वेठ आणि लग्नगड्याची प्रथा बघता बघता मोडली. नंतर मजुरीचा प्रश्न आला. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत याच डोंगरांतून जाई. त्याच्या कापणीला पाचशे रत्तलांमागे अडीच रुपये ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. दरवर्षी त्या दिवशी तिथे लोक जमतात. गोदूताईंनी ही हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पाहुण्याने इथे यायच्या आधी एक पुस्तक वाचायचं असेल तर ते हे. तलासरीतल्या कॉलेजला त्यांचं नाव आहे, नाक्यावर लाल बावटा दिसतो आणि बाहेरच्या माणसाला तो जुन्या काळाचा अवशेष वाटतो. इथल्या म्हाताऱ्यांना वाटत नाही. त्यांच्या हिशेबी वेठ गेली ती त्या बावट्यामुळे.

पुढे कूळकायदा आला, बरीचशी जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली, आणि लगेचच ती पुन्हा हातची जायला लागली. तेव्हा १९७४ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ घातलं गेलं. या कलमाचा अर्थ टपरीवाल्याने दोन शब्दांत सांगितला होता, मी थोडा लांबवतो. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, अदलाबदल करता येत नाही, गहाण टाकता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. त्याहून पुढचं काहीही असेल तर राज्य सरकारची पूर्वमंजुरी घेऊन जिल्हाधिकारी परवानगी देतो. न देण्याचं प्रमाण मोठं आहे. तलासरी पूर्ण तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. डहाणूही येतो. म्हणून ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू, आणि त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. ग्रामसभा म्हणजे मोठ्या गावाची एक सभा एवढंच इथे धरायचं नाही, पाडासुद्धा स्वतःची ग्रामसभा मागू शकतो. योगायोग असा की त्याच २०१४ साली इंडोनेशियानेही नवा ग्रामकायदा करून रूढीवर चालणाऱ्या गावांना वेगळी ओळख दिली.

तुमच्यासमोर कोणी सातबारा ठेवला तर भाव विचारायच्या आधी तो वाचा. वरती गाव, तालुका, भूमापन क्रमांक. भूधारणा पद्धतीपुढे 'वर्ग-२' असेल तर सरळ व्यवहार नाही. भोगवटादाराच्या नावांची रांग बघा. एका तीस गुंठ्याच्या तुकड्यावर मी सतरा नावं पाहिली आहेत, त्यांतली चार मयत आणि एक बाई लग्न होऊन उंबरगावला गेलेली. मग उजवीकडचा 'इतर अधिकार' हा रकाना. तिथे बारीक अक्षरांत आदिवासी खातेदार असल्याची, कलम ३६ आणि ३६ अ च्या बंधनाची नोंद असते. शिवाय सातबाऱ्यावर न दिसणाऱ्याही गोष्टी आहेत. मागची टेकडी वनखात्याची आणि तिच्यावरचा नाचणीचा तुकडा २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला वनपट्टा असू शकतो, तो तर वारसालाच जातो, विकता येतच नाही. यातून वाट काढणारे लोक हायवेच्या कडेला ऑफिस थाटून बसलेले असतात. जमीन एखाद्या गरीब आदिवासीच्या नावावर घ्यायची, पैसा आपला, कागद त्याचा, वर कुलमुखत्यारपत्र, असा त्यांचा मार्ग. तो मार्ग धरलेला एक ओळखीचा गृहस्थ गेली नऊ वर्षं प्रांत कचेरीच्या बाकावर बसतो आहे. त्याच्याबद्दल मला फार वाईट वाटत नाही, हेही लिहून ठेवतो.

शेजारच्या डहाणूत आणखी एक कुंपण आहे. २० जून १९९१ ला केंद्राच्या पर्यावरण खात्याने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना बंदी, बाकीच्यांसाठी सगळे मिळून फार तर ५०० एकर, आणि तालुक्याच्या भोवती २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा, असं मूळ अधिसूचनेत होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अंमलबजावणीचा आदेश दिला आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणच्या समुद्रातलं बंदर नाकारलं. किनाऱ्यावरचं औष्णिक वीज केंद्र त्याच्याआधीच उभं होतं, त्याला धुरातलं गंधक काढायची यंत्रणा बसवायला लावली. डहाणूच्या बागायतदारांचं मत विचारलं तर ते सांगतील की चिकू वाचला तो यामुळे.

पण खाजगी माणसाला न मिळणारी जमीन सरकारी रेषेला मिळते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे खांब तलासरीतून जातात. गाडी बोईसरला थांबेल, नंतर थेट वापीला. मधल्या तलासरीने जमीन दिली, स्टेशन नाही. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग याच तालुक्यातून जातो. आणि वाढवण परत आलं. ३१ जुलै २०२३ ला प्राधिकरणाने अटी घालून ना हरकत दिली, १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला, ३० ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. सुमारे १,४४८ हेक्टर समुद्र भरून जमीन करायची आहे. जमीन मिळत नाही म्हणून समुद्रातच जमीन तयार करायची, असा हा मार्ग. किनाऱ्यावरच्या गावांत 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' हे अजून भिंतींवर वाचायला मिळतं. मच्छीमाराचं म्हणणं असं की घोळ आणि पापलेट जिथे मिळतं तीच ही जागा. गुंतवणूकदाराने या बंदराकडे बघून आजूबाजूच्या तालुक्यांचे भाव वाढतील असा हिशेब केला असेल तर त्याला वरचे दोन परिच्छेद पुन्हा वाचायला सांगेन.

एवढं सगळं सांगून झालं. आता या, बसा, तालुका बघा.

पाहुण्यासाठी इथली सगळ्यांत मोठी गोष्ट भिंतीवर असते आणि ती वर्षभर नसते. लग्नघरातली एक भिंत शेणाने सारवून, गेरूने लाल करून तयार करतात. तांदूळ भिजवून पाटा-वरवंट्यावर वाटायचे, त्यात पाणी आणि थोडा डिंक. बांबूची काडी टोकाला चावून चावून तिचा कुंचला होतो. चित्र काढायचं सवाशिणींनी. एक म्हातारी भिंतीशी उकिडवी बसते, डाव्या हातात करवंटी, उजव्या हाताने आधी चौकोन. चौकोनाच्या चारही बाजूंना साखळ्या, तोरणं, नागमोडी रेषा, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, इतक्या की मधला देव दिसायच्या आधी तासभर नुसती चौकटच वाढत राहते. मापपट्टी नाही, खोडायला रबर नाही. हात थरथरला तर त्या थरथरीतून पुढची रेषा काढायची. मग मध्ये पालघट देवी. तिला लागून लहान चौकात मुंडकं नसलेला घोडेस्वार, त्याचं नाव पंचशिऱ्या. बाहेर चंद्र-सूर्य, झाडं, मुंग्या, नवरा-नवरी एका घोड्यावर. हा लग्नचौक. मागे धवलेरी गाणी म्हणत असते. धवलेरी ही लग्न लावणारी बाई, ब्राह्मणाची गरज नाही. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. वारली माणूस 'चौक लिहायचा' असं म्हणतो, काढायचा म्हणत नाही.

हेच लग्न ज्याच्या कर्जापायी माणूस गडी व्हायचा. त्या भिंतीसमोर बसताना मला दर वेळी हे आठवतं.

पुरुषाने रोज, लग्नाशिवाय, कागदावर हे चित्र काढणं ही नवी गोष्ट होती. ती जिव्या सोमा मशे यांनी केली. जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. पुढचं आयुष्य डहाणूतल्या गंजाडच्या कलंबीपाड्यावर. सत्तरीच्या दशकात भास्कर कुलकर्णी हा चित्रकार सरकारी कामासाठी या पाड्यांवर फिरला आणि त्याने त्यांचा हात ओळखला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २०११ मध्ये पद्मश्री, १५ मे २०१८ ला मृत्यू. या माणसाला शेतजमीन देण्याचं आश्वासन सत्तरीच्या दशकात दिल्लीत मिळालं होतं. ती प्रत्यक्ष हातात पडायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला. जमिनीच्या गोष्टीतून इथे चित्रकारसुद्धा सुटत नाही.

वारली चित्राला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. विमानतळावरच्या मगवरचं वारली चित्र कुठल्या कारखान्यात छापलं हे कोणी विचारत नाही. तुम्ही गंजाडला किंवा तलासरीच्या पाड्यांवर चित्र घ्यायला गेलात तर घासाघीस करू नका. तीन फुटी चित्रातली माशाची जाळी विणायला दोन दिवस लागतात, मासा धरायला लागतो त्याहून जास्त.

तारपा ऐकायचा असेल तर भात पिवळं पडायला लागल्यापासून पुढे या. वाळका भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानाचा लांब कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. वाजवणारा मध्ये, नाचणारे हातात हात घालून त्याच्या भोवती, आणि वाजवणाऱ्याकडे पाठ करायची नाही. तो वळला की रांग वळते. वाजवणारा गाल फुगवून श्वास आत-बाहेर असा खेळवतो की सूर तुटत नाही. शहरातल्या स्टेजवर ही रांग प्रेक्षकांकडे तोंड करते आणि सगळंच फसतं. वाघबारसेला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, वाघदेवाला नैवेद्य असतो. वाघ फार वर्षांत कोणी पाहिलेला नाही, बिबट्या आहे, नैवेद्य चालू आहे. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा. मध्यरात्री मुसळ्या डोंगराच्या सुळक्यावर ध्वज चढवण्याचा मान वाघाडीच्या आदिवासी पुजाऱ्याचा आहे, आणि ध्वज येतो जव्हारच्या मुकणे संस्थानिकांकडून. त्या पंधरा दिवसांत हायवेवर गाडी चालवायची असेल तर वेळ काढून या.

जेवायला पहिल्या पावसात आलात तर शेवळं मिळतील. चिंच किंवा काकडं न घालता केली तर घसा खाजतो, म्हणून हॉटेलात विचारू नका, घरात मागा. मग वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. टाकळा, लोत, कोळीभाजी. थंडीत करांदे, उकडून, मीठ लावून. मार्चात पहाटे मोहाच्या झाडाखाली टोपल्या घेऊन बायका-मुलं फुलं वेचताना दिसतील, त्या वेळी फोटोसाठी झाड हलवायला सांगणारे पाहुणे मी बघितले आहेत. मेमध्ये मात्र येऊ नका. दोन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात मेमध्ये बाया हंडे घेऊन खड्ड्यातल्या पाण्याशी रांगेत बसतात. कुर्झ्याचं धरण तालुक्यातच आहे, पण धरण खाली असतं आणि पाडा वर.

डहाणूच्या बाजूला एक दिवस ठेवा. कोसबादच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जी शाळा चालवली तिथूनच अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. सुरुवात १९४५ मध्ये बोर्डीला झाली होती. मुलं गुरं सोडून शाळेत येईनात, तेव्हा शाळाच गुरांमागे कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. बोर्डीजवळ बारडच्या डोंगरात बहरोटच्या गुहा आहेत. संजाण पडलं तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षं तिथे लपवला असं ते सांगतात, आणि आजही पारशी चढून जातात. घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांतही पारशी-इराणी घराणी बरीच. या चिकूला २०१६ मध्ये मानांकन मिळालं. टोकाला जाळी बांधलेल्या लांब काठीने फळ हळूच खुडून काढतात, देठाचा चीक निथळू देतात. झाडावर पिकलेला चिकू बाजारात पोचत नाही, म्हणून बाजारातला चिकू खाऊन घोलवडच्या चिकूवर मत देऊ नये.

आता पैशाचा प्रश्न, कारण माहितीपत्रकात तो टाळता येत नाही. पैसा घालायची जागा इथे जमिनीत नाही, जमिनीवरून निघणाऱ्या मालात आहे. चिकू दोन-तीन दिवसांत उतरतो. तो सुकवायची, पावडर करायची, थंड ठेवायची सोय जेवढी असेल तेवढी कमीच. मोहाच्या फुलांचं तेच. शेवळं, करांदे मुंबईत मिळाले तर घेणारे आहेत, आणणारा कोणी नाही. डहाणूतला फुगे बनवायचा धंदा तुम्हाला माहीत नसेल, पण तुमच्या घरच्या वाढदिवसाचे फुगे कदाचित तिथलेच असतील. राहण्याची सोय करायची असेल तर आदिवासी कुटुंबाच्या घरात, त्याच्या नावावर, त्याच्या अटींवर. ग्रामसभेत जाऊन बसायची तयारी ठेवा. ती सकाळी दहाला म्हणून बारा वाजता सुरू होते आणि तिथे म्हातारी बाई तुम्हाला विचारते, "तू कोनाचा?" उत्तर कंपनीचं नाव नसावं.

बांधकाम करायचं ठरलं तर आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात जमीन हलायला लागली. हजारो बारीक धक्के, मधूनच मोठा. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का चारच्या वर होता, आणि त्या दिवशीच्या पळापळीत एक लहान मुलगी गेली. थंडीच्या रात्री माणसं घराबाहेर, पुढे सरकारी तंबूत झोपली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने यंत्रं बसवली. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांत झिरपून दाब बदलतो, असं कारण संशोधकांनी मांडलं आहे. कारवीच्या कुडाच्या जुन्या घरांच्या भिंतींवरचं सारवण पडलं, भिंती डोलल्या. घरकुल योजनेतल्या विटांच्या भिंतींना तडे गेले. कंत्राटदाराने पिलर नको म्हटलं तर कंत्राटदार बदला.

आणि माणसं. तुम्ही दिवाळीनंतर आलात तर काही पाड्यांवर म्हातारी आणि मुलंच भेटतील. बाकीची कुठे गेली विचारलं तर उत्तर येतं, "जगायला गेली." जगायला जाणं म्हणजे कामासाठी घर सोडून जाणं. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, वापीच्या कारखान्यांत, आणि ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून. बोटीवर जाणाऱ्याला आधी उचल मिळते, म्हणजे हंगामाच्या मजुरीतली काही रक्कम हातात, आणि त्या रकमेवर घरातलं लग्न किंवा छप्पर होतं. मग आठ-नऊ महिने समुद्र. पाण्यावर हद्दीचा खांब नसतो. पलीकडे गेलेली बोट पाकिस्तानी तटरक्षक पकडतात आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यावरचा मुलगा कराचीच्या तुरुंगात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं राहतो. घरी कळतं ते बोटमालकाच्या फोनवरून.

अशा एका घरी मी गेलो होतो. मुलगा तिकडे, बाप भाताला निंदणी करून नुकताच आलेला. त्याने पाट टाकला, पाणी दिलं. बोलता बोलता मी विचारलं, की उचल घेण्यापेक्षा या दोन एकरांतला एखादा तुकडा भाड्याने दिला असता तर. त्याने आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा आणला, मांडीवर पसरला आणि वाचता येत नसूनही आपलं नाव जिथे आहे तिथे अचूक बोट ठेवलं. त्याखाली त्याच्या बापाचं नाव कंसात, कमी केलेलं. "तो गडी होता," म्हातारा म्हणाला. मग कागद पुन्हा घडीवर घडी घालून पिशवीत ठेवला आणि पिशवी कुडाच्या भिंतीतल्या खुंटीला, तारप्याच्या शेजारी, अडकवली.